उसाचा हात

आधी शरीफाखालाचं नाव लिहिते, मग बाकीचं. भोकरला आरा मशीनच्या गल्लीत अगदी आत राहणारी शरीफाखाला. ती माझ्या रक्ताची नाही, नात्याची नाही, गावची तर नाहीच. तिनं मला घरात घेतलं, पोटाला घातलं, हातात सुरी दिली, आणि एका सकाळी माझ्यासाठी चारचौघांत उभी राहून असं काही विचारलं की त्यापायी तिच्या घराचं कायमचं नुकसान झालं. पुढं जी माणसं येतील त्यांचा कुणाला राग आला तर येऊ द्या, मलाही येतो. वय झालं की माणसानं माफ करावं म्हणतात. मी अजून केलेलं नाही आणि घाईही नाही. पण रागाच्या आधी उपकार लिहावा, एवढं मला कळतं, म्हणून तिचं नाव वर.

मी किल्लारीकडची. भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या नव्या वस्तीत वाढले, पण वाढले म्हणजे वर्षातून अर्धंच. बाकीचं अर्धं वर्ष आमचं घर उसाच्या फडात असायचं. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि भांडीकुंडी, कोंबड्या, म्हातारी सगळं वर चढायचं. त्यामुळं माझी शाळा दरवर्षी मधूनच तुटायची आणि आठवीत तुटली ती तुटलीच. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याला उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, मिळत नाही. माझी मोठी बहीण अशीच एका दिवाळीच्या तोंडावर कुणाच्या तरी कोयत्याची अर्धी बाजू झाली. हळद उतरायच्या आत तिच्या हाताला फोड आले होते. पुढची मी होते. पोरगं बघून ठेवलं होतं. तेवढ्यात आमच्या अंगणवाडीच्या बाईंनी कुठून तरी ऐकलं, की भोकरला बांबूकामाचं शिक्षण निघालंय. रोपं करायची, बांबू ओळखायचा, तोडायचा, चिरायचा, विणायचा. सहा महिने शिकवणार आणि त्यातल्या काहींना तिथंच कामाला ठेवणार. माझं नाव कसं लागलं ते सांगत बसत नाही. बाप म्हणाला, "जा. ठिवलं तर ऱ्हा. माघारी आलीस की हळद. पोरगं थांबंल, टोळी थांबायची न्हाई."

पोळा झाल्यावर मी निघाले. किल्लारीहून लातूरपर्यंत जीप, तिथून एसटीनं नांदेड, नांदेडहून भोकर. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच चालू होतं, तिथं आपल्याला माघारी धाडलं तर? हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला. अजूनही नव्या जागी गेले की आधी दार कुठं आहे ते बघते. केंद्रावर पोचले तेव्हा चौकीदारानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "पोरीची सोय न्हाई इथं. पोरं व्हरांड्यात झोपतेत, बाकीच्या पोरी घरी न्हाईतर इथंच पाव्हण्याकडं जातेत. तुला कुणी सांगितलं न्हाई?" मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मी पिशवी धरून तशीच उभी राहिले. शेवटी वैतागून तो मला त्या गल्लीत घेऊन गेला आणि एका दाराची कडी वाजवून म्हणाला, "खाला, दोन दिवस ठिवा हिला, मग बघू." ते दोन दिवस पुढं बरेच लांबले.

दार उघडलं ती बाई ठेंगणी, गोरी, नाकात चमकी, हाताला पीठ. तिनं माझ्याकडं न बघता आधी पिशवीकडं बघितलं. "इतकंच?" मी मान हलवली. मग म्हणाली, "हमारे घर का खाती क्या? नहीं तो बाजू में पाटलीणबाई के घर पूछती." मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. म्हटलं, "खाते." ती म्हणाली, "फिर हात धो. पूछनेका काम मेरा था, हो गया." त्या दिवशी ज्वारीची गरम भाकरी आणि चिंचेचं आंबट वरण, त्याला ती खट्टी दाल म्हणायची, वर लसणाची फोडणी. ते वरण मी नंतर माझ्या घरी किती वेळा केलं, पण ती आंबट-तिखट धार येत नाही. चिंच तीच, लसूणही तोच. बहुतेक भूक ती नाही.

त्या घराचे आवाज मला अजून ओळखू येतील. सकाळी समोरच्या गिरणीत आरा सुरू व्हायचा, आधी घरघर, मग लाकडात शिरला की किंचाळी, आणि साऱ्या गल्लीत सागाच्या भुशाचा वास. मधूनच आरा थांबला की कोंबड्यांचा, मग चाचांच्या खोकल्याचा, आणि त्या सगळ्याखाली सतत एक बारीक आवाज: सुरी बांबूच्या कामटीवरून सरकल्याचा, सर्र, सर्र. चाचा म्हणजे खालाचे मालक. पाय अधू, बाजेवर बसून असायचे, पण बोटं शाबूत. संक्रांतीआधी पतंग करायचे आणि मोहरमला गावच्या डोल्याचा सांगाडा बांधायचे. डोला म्हणजे ते मिरवणुकीत खांद्यावर उचलून नेतात ते उंच, कागदानं मढवलेलं देवस्थानासारखं काम. त्याचा आतला सांगाडा पूर्ण बांबूचा, खिळा नाही, नुसती बांधणी. तो उचलायला गावातले हिंदू-मुसलमान सगळे लागायचे आणि बांधायला एकटे चाचा. खाला त्यांच्यासाठी कामट्या चिरायची. बांबू यायचा उस्तादांच्या घरून, चाचांच्या वडिलांपासून त्यांच्याच घरून, दुसरीकडून कधी घेतला नव्हता.

आता उस्ताद. केंद्रावर आम्हाला शिकवायला तिथल्या प्रमुख साहेबांनी ज्यांना ठेवलं होतं ते हेच. नाव नारबा, पण सगळे उस्ताद म्हणायचे. पिढीजात बांबूकाम करणारं घर. सुपं, टोपल्या, कणग्या, लग्नातल्या परड्या, सगळं त्या घरातून. उंच, वाळलेले, बोलताना माणसाकडं न बघता हातातल्या कामटीकडं बघणारे. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला गाव विचारलं. कुणी किनवटकडचं, कुणी हिमायतनगरचं, कुणी भोकरचंच. माझी बारी आली. "किल्लारी," मी म्हटलं. "तिकडं कुठला बांबू?" म्हटलं, "न्हाई तिकडं. ऊस हाय." "मंग इथं काय करून राहिलीस?" सगळे हसले. यमुना नावाची एक मुलगी होती, किनवटकडची, जंगलात वाढलेली, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "उस्ताद, टोळीवाली हाय ती." तेव्हापासून मला कुणी नावानं हाक मारली नाही. ए टोळी, झाडू मार. ए टोळी, भुसा उचल. मी मुसलमानाच्या घरी जेवते हे कळल्यावर डब्याच्या वेळी माझ्याशेजारी कुणी बसेना. यमुना एकदा माझ्या भाकरीकडं बघून म्हणाली, "ह्यात काय काय हाय ते इच्यारून घेत जा बाई." मी त्या काळात कुणालाच काही बोलत नव्हते. मला वाटायचं, आपण बोललो की कुणीतरी म्हणेल, मग जा घरी.

उस्तादांची शिकवायची एक पद्धत होती, आणि ती माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ते आधी मला म्हणायचे, "जा, पाणी आण." हापसा केंद्रामागं लांब. मी घागर भरून येईपर्यंत सगळे पुन्हा आपापल्या कामाला लागलेले असायचे आणि त्यांच्या हातात काहीतरी नवं आलेलं असायचं. सुरी वेगळ्या बाजूनं धरलेली, किंवा कामटी ओली करून गुंडाळलेली. मी विचारलं तर यमुना म्हणायची, "सांगितलं की आत्ता. कुठं होतीस?" मी पाणी आणत होते. मला वाटायचं, माझंच नशीब असं, नेमकं तेव्हाच पाणी संपतं. आज मी स्वतः नव्या मुलींना शिकवते, आणि शिकवणाऱ्याला कुणाला बाहेर ठेवायचं असेल तर पाण्याइतकं सोपं दुसरं काही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

दसरा झाला. पाऊस पूर्ण उघडला, आणि साहेबांनी सांगितलं की आता जंगलात जाऊन तोड शिकायची. वनखात्यानं केंद्राला किनवटच्या बाजूला एक पट्टा दिला होता, नाल्याकाठची बांबूची बेटं. एक गार्ड सोबत राहणार होता. आम्ही टेम्पोत बसून सकाळी निघालो. दोनच दिवसांपूर्वी गावाहून निरोप आला होता: टोळीचा ट्रक ठरलाय, तुझं काय ते कळव. पण एका बाजूनं बरंही वाटत होतं. विणकामात माझी बोटं आखूड पडायची. तोड म्हटल्यावर वाटलं, आता माझं काम आलं. कोयता मला नवा नव्हता. चालायला लागल्यापासून तो बघितला होता आणि घागर उचलता यायच्या आधी तो उचलता यायला लागला होता.

पोचल्यावर उस्तादांनी सगळ्यांना एका मोठ्या बेटाभोवती गोळा केलं आणि माझ्याकडं वळले. "नाल्यावरून पाणी आण, प्यायला लागंल." मी गेले. परत आले तेव्हा पोरं-पोरी कोयत्याची उलटी बाजू बांबूवर ठोकत होते, टण, टण, आणि कान लावून ऐकत होते. मला वाटलं, खेळून राहिलेत. मी घागर ठेवली. उस्तादांनी सगळ्यांना दोघादोघांत बेटं वाटून दिली आणि मला म्हणाले, "तू एकटी. ते नाल्याकडचं बेट तुझं. ऊस कापतीस म्हणं, बघू दे तरी." एवढं बोलून ते माझ्या बेटासमोरच्या दगडावर बसले आणि बिडी काढली.

मी वाकले आणि कापायला लागले. इथं थोडं उसाचं सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. उसाची साखर बुडाशी असते. म्हणून ऊस जमिनीला लागून कापायचा. बोटभर बुडखा वर राहिला तरी मुकादम आईवरून शिवी देतो. आणि नुसतं वजनाचं नाही. बुडखा ठेवला की पुढच्या साली खोडवा नीट फुटत नाही. जमिनीलगत स्वच्छ कापला की त्याच बुडातून ऊस पुन्हा जोमानं वर येतो. म्हणजे बुडापासून कापणं ही आमच्याकडं पिकाची काळजी होती, ती मायेनं शिकवलेली गोष्ट होती. शिवाय उसात मागं काही ठेवायचं नसतं. जाड, बारीक, पिकलेला, कोवळा, सगळा आडवा. शेंडा तोडायचा, मोळी बांधायची, पुढं सरकायचं. माझ्या मनगटात हेच होतं. बांबू उसापेक्षा कितीतरी कठीण, पण तिरपा घाव आणि मग उलटा घाव हे एकदा जमल्यावर तो जमिनीलगत सुटायला लागला. शेंडे एकमेकांत गुंतलेले, ते ओढून काढायला लागत होते, हात सोलवटत होते. काही बांबू हिरवेगार होते आणि त्यांच्यावर पांढरी भुकटी होती. उसावरही असतेच, मी तेही घेतले.

मधूनमधून मी उस्तादांकडं बघत होते. ते बसल्या जागी होते. बिडी विझली होती, तरी हातात तशीच. ते माझ्याकडंच बघत होते, हाताकडं. एकदाही नको म्हणाले नाहीत. मला वाटलं, खूश आहेत. आजपर्यंत त्यांनी इतका वेळ माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. मी आणखी जोरात कापलं. दुपारपर्यंत बेट संपलं. मी शेंडे एका बाजूला लावले, बांबूच्या मोळ्या बांधल्या, जागा झाडल्यासारखी केली आणि घाम पुसत उभी राहिले. इतकं समाधान मला भोकरला आल्यापासून वाटलं नव्हतं.

आधी गार्ड आला. त्यानं बघितलं आणि शिवी हासडली. मग बाकीचे आले. यमुना पुढं झाली, त्या सपाट जागेकडं बघून म्हणाली, "अगं बया, हिनं तर फड पाडला," आणि सगळे एकदम फुटले. हसून हसून एक पोरगं खाली बसलं. तेव्हा उस्ताद दगडावरून उठले. माझ्या हातातून कोयता घेतला, बाजूला ठेवला आणि माझ्याकडं पाठ करून बाकीच्यांना सांगायला लागले. "नीट बघून घ्या. असं करायचं न्हाई. बांबू जमिनीवरच्या पहिल्या गाठीला धरून, तिच्या लगेच वर कापायचा. खाली पेर उघडं राहिलं तर त्यात पाणी साचतं, बूड कुजतं. आन् कोवळं ठिवायचं, पुढचे कोंब त्याच्याच जोरावर येतेत. ठोकून बघायचं, पिकलेलं तेवढंच घ्यायचं. हे बेट गेलं आता." त्या दोन महिन्यांत उस्तादांनी माझ्यासमोर सांगितलेलं हे पहिलं शिक्षण. माझी चूक समोर ठेवून, मला पाठ करून.

गार्डनं साहेबांकडं तक्रार केली. साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांचा जीव त्या पट्ट्यात अडकलेला होता. वनखात्यानं तो काढून घेतला तर केंद्रच बंद. ते म्हणाले, "उद्या सकाळी बघू. पण मला नाही वाटत तुला ठेवता येईल. सामान बांधून ठेव." मी घरी आले. खाला अंगणात अंबाडीची पानं खुडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, ट्रकचं, हळदीचं, बेटाचं. पानं खुडून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "तू काटती थी तब वो कहाँ था?" म्हटलं, "समोर. दगडावर." "कब से?" "पहिल्यापासून." तिनं देठं गोळा केली, कोंबड्यांना टाकली आणि आत गेली.

सकाळी ती बुरखा घालून तयार. चाचा बाजेवरून म्हणाले, "शरीफा, नक्को जा. बांबू उनकेच घर से आता अपनेकू." ती चप्पल शोधत होती. म्हणाली, "मालूम है." चाचा म्हणाले, "मोहरम को क्या बांधूं मैं?" तिनं चप्पल पायात सरकवली. मी तेव्हा ते ऐकलं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. भ्यालेल्या माणसाला स्वतःपलीकडचं ऐकू येत नाही.

केंद्राच्या शेडमध्ये सगळे होते. साहेब खुर्चीवर, उस्ताद खांबाला टेकून, पोरं-पोरी खाली सतरंजीवर. साहेब म्हणाले, "खाला, तुमचं इथं काय काम?" ती म्हणाली, "पोरगी माझ्या घरात ऱ्हाती, साहेब. एकच इच्यारायचं हाय, मंग जाते." आणि उस्तादांकडं वळली. "उस्ताद, ही कापून राहिली तवा तुम्ही कुठं होता?"

"तिथंच होतो."

"तिथं म्हणजे?"

"समोर."

"डोळे उघडे होते?"

मागं कुणीतरी हसलं. उस्ताद म्हणाले, "होते."

"मग तोंडाला काय झालतं?"

उस्तादांनी आधी साहेबांकडं बघितलं, मग बाहेर. मला वाटलं ते काहीतरी सबब सांगतील, तंबाखू होती, लक्ष नव्हतं. पण ते खोटं बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं लिहायला पाहिजे. म्हणाले, "दोन-चार कापल्यावर थांबवणार होतो. चारचौघांत हसू करायचं, मग थांबवायचं, एवढंच मनात होतं. पण हिचा हात बघत बसलो." मग म्हणाले, "आमच्या घरात असा हात न्हाई. माझ्या पोराचा न्हाई, सुनेचा न्हाई. मला बापानं मारून मारून शिकवलं, अर्धं आयुष्य गेलं. हिला साहेब सहा महिन्यांत देणार. हा हात गाठ ओळखायला लागला तर आमच्या सुपा-टोपल्याला कोण इच्यारणार? म्हणून बोललो न्हाई. कापू दिलं. बेट गेलं तर जाऊ दे, ही पण जाईल."

मी खाली मान घालून बसले होते, आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला त्यातलं एकच ऐकू आलं: असा हात न्हाई. बाकीचं सगळं, त्यांनी मला मुद्दाम घालवायला बसवलं होतं ते, नंतर हळूहळू आत उतरलं आणि अजून उतरतं आहे. त्यांची पोटाची भीती खरी होती. माझीही होती. फक्त त्यांच्याकडं दगड होता बसायला.

साहेबांनी कपाळ पुसलं. म्हणाले, "शिकवलंच नाही तर तिची चूक कशी म्हणायची? मुलगी राहील. गार्डचं मी बघतो." उस्ताद म्हणाले, "ठिवा. तुमचं केंद्र हाय. मी हिला शिकवणार न्हाई." आणि खालाकडं बघून, अगदी शांतपणे, "शरीफाबी, ह्याच्या पुढं आमच्या घरी बांबू मागायचा न्हाई." खाला म्हणाली, "बरं." एवढंच. बुरखा सावरला आणि बाहेर पडली.

मी तिच्या मागं धावले. मला रडू आवरत नव्हतं, सुटल्याचं होतं की कशाचं ते मलाही माहीत नव्हतं. ती रस्त्यात थांबली, म्हणाली, "रो नक्को. रोनेकी बात मेरी है, मैं रो रही क्या?" आणि मला केंद्राकडं परत वळवलं. "जा. काम कर."

बापाला निरोप धाडला: ठिवलंय. ट्रक माझ्याशिवाय गेला. ज्या पोराशी माझी हळद ठरली होती त्याला त्याच आठवड्यात दुसरी मिळाली. ती कोण होती, तिचं पुढं काय झालं, मी कधी विचारलं नाही.

उस्तादांनी शब्द पाळला. शेवटपर्यंत मला एक अक्षर शिकवलं नाही. मी लांब बसून त्यांच्या पाठीवरून, कोपर कसं हलतं त्यावरून शिकायचे. चिरायचं मात्र खालाकडं शिकले. घरात उरलेला जो काही बांबू होता तो तिनं माझ्यापुढं टाकला. "खराब कर," म्हणाली, "खराब किए बगैर नहीं आता." ती सुरी स्थिर धरायची आणि बांबू सुरीवर ओढायची, मी उलटं करायचे, चाचा बाजेवरून काठीनं माझ्या कोपराला टोचायचे. त्यांच्या मोहरमचा बांबू मी खराब करत होते हे त्या दोघांना माहीत होतं. मलाही थोडं थोडं कळायला लागलं होतं, पण मी हात थांबवला नाही. शिक्षण संपल्यावर ज्यांना ठेवलं त्यांत माझं नाव होतं आणि यमुनाचंही. आम्ही पुढं बरीच वर्षं एका शेडमध्ये शेजारी बसून काम केलं. ती माझ्याशी कधी नीट बोलली नाही. मीही तिच्याशी नाही. लोकांना वाटतं, एवढी वर्षं शेजारी बसलं की मैत्री होते. होत नाही.

मोहरमला चाचांनी बाजारातून बांबू आणवला. कोवळा तोडलेला, आत कीड लागलेला. त्यांनी बांधला तसा बांधला. मिरवणूक वेशीपाशी आली आणि डोल्याचा एक खांब खांद्यावरच कडकन् मोडला. कुणाला लागलं नाही, पण डोला कलला आणि गावात बभ्रा झाला की म्हाताऱ्याचे हात गेले. हात गेले नव्हते, बांबू गेला होता. पण हे कुणाला सांगणार? पुढच्या वर्षी गावानं डोला दुसऱ्याला दिला. चाचा त्यानंतर नुसते पतंग करायचे, मग तेही बंद झालं. ते वारले तेव्हा बाजेखाली त्यांची सुरी तशीच धार लावलेली होती. खाला मला एका शब्दानं कधी म्हणाली नाही की हे तुझ्यापायी. ती म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता माझी चाळिशी उलटून गेली. माझ्याकडं नव्या मुली येतात शिकायला. कुणी जळकोटहून, कुणी देगलूरकडून. पहिल्या दिवशी मी त्यांना गाव विचारत नाही. विचारते, घरी काय कापलंय? ज्वारी, ऊस, हरभरा, गवत? त्यावरून मला कळतं हिचा हात कुठं चुकणार, आणि तिथं मी आधी जाऊन उभी राहते. पाणी मी स्वतः आणून ठेवते.

उस्ताद गेले. त्यांची मुलं त्या गल्लीच्या तोंडालाच राहतात, बांबूचे भारे त्यांच्या अंगणात भिंतीला टेकवून उभे असतात, आणि तिथून एकही कामटी अजून आत खालाकडं गेलेली नाही. मी खालाला भेटायला जाते तेव्हा फळं नेते, साडीचं कापड नेते, औषधं नेते. ती घेते, ठेवून देते. मागच्या खेपेला म्हणाली, भाच्याच्या पोराला डोला बांधायचं बघायचंय, चाचांनी तिला दाखवलेलं ती त्याला दाखवणार, पण बाजारातल्या बांबूवर नको. मी हं म्हटलं आणि विषय बदलला. खरं कारण हे, की भारे घेऊन तिच्या दाराशी जायचं तर उस्तादांच्या ओट्यासमोरून जावं लागतं, आणि तिथून जाताना मी अजून मान खाली घालून झपाझप चालते. माझ्या शेडमध्ये बांबूला तोटा नाही. तोटा आहे तो धिटाईचा, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पण खाला, हे मी तुला लिहून देते, कुणाकडून तरी वाचून घेशील. तुझे डोळे आणि हात आहेत तोवर मी तो बांबू आणीन. पिकलेला, मी स्वतः ठोकून निवडलेला, गाठीवर कापलेला, वनखात्याचा रीतसर पास काढून. एका सांगाड्याचा नाही, तुझ्या भाच्याचं पोरगं खराब करून करून शिकेल इतका. उघड्या गाडीत, दिवसाउजेडी, त्या ओट्यासमोरून आणीन, आणि तिथं कुणी हटकलं, हा माल कुठं चाललाय म्हणून, तर गाडी थांबवून उत्तर देईन.